आपल्याला काय कळतंय त्यातलं?

सहलीचा बेत आखायला बसलं की आमच्या बचत गटात वेळेची वाटणी ठरलेली असते. देवदर्शनाला दोन तास, जेवणाला एक, खरेदीला ‘बघू, होईल तेवढं’ आणि वाटेत एखादं संग्रहालय असलंच तर त्याला पंधरा मिनिटं. तीही कुणीतरी हट्ट धरला म्हणून. ‘आत काय असतंय वैनी? जुनी भांडी, तलवारी नि चित्रं. आणि आपल्याला काय कळतंय त्यातलं?’ शेवटचं वाक्य म्हणताना बायका हसतात. ते हसणं मला कधीच पुरतं खरं वाटत नाही. बँकेत फॉर्म भरताना, दवाखान्यात रिपोर्ट हातात आल्यावर, ग्रामसभेत मागच्या सतरंजीवर बसताना बायका हेच वाक्य म्हणतात आणि असंच हसतात.

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या गटाच्या सहली वाढल्या. पूर्वी वर्षातून एक, तीही जमली तर. आता तीन-चार सहज होतात. त्यामुळे संग्रहालयात गेल्यावर आपली माणसं नेमकं काय करतात, हे मला जवळून बघायला मिळालं. ‘आई चित्रं बघत नाही, चित्रं बघणाऱ्यांना बघते,’ असं माझी मुलगी म्हणते. म्हणू दे बापडी!

तर पहिली गोष्ट अशी, की आपण संग्रहालयात दर्शनाच्या रांगेत असल्यासारखे चालतो. मंदिरात मागून ‘चला, चला, पुढं चला’ असं कुणीतरी सतत म्हणत असतं. संग्रहालयात तसं कुणी म्हणत नाही, पण आपल्या कानाला ते ऐकू येतच असतं. एका जागी दोन मिनिटं उभं राहिलं की मागच्यांचा खोळंबा होतोय असं वाटून पाय आपोआप उचलला जातो. मागे तर कुणीच नसतं! दुसरी गोष्ट, मूर्ती दिसली की हात जोडले जातात. मग ती काचेत असो नाहीतर भंगलेली असो. काहीजणी उंबऱ्याशी चपला काढून ठेवतात. एका ठिकाणी विष्णूच्या दगडी मूर्तीपुढे कुणीकुणी नाणी ठेवली होती. तिथला पहारेकरी म्हणाला, ‘रोज संध्याकाळी गोळा करतो ताई, करणार काय!’ शिकलेली मंडळी याला हसतात. मला काही त्यात हसण्यासारखं वाटत नाही. ती मूर्ती घडवणाऱ्यानं हात जोडण्यासाठीच घडवली होती, काचेच्या पेटीसाठी नव्हे. तिसरी गोष्ट मोबाइलची. आधी फोटो, मग बघणं. आणि घरी आल्यावर तो फोटो कोण बघतं, ते तुम्हीही जाणता.

आता यावर ‘आपल्या लोकांना सवयच नाही हो’ असं म्हणून मान हलवणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम म्हणजे जगातल्या मोठ्यात मोठ्या संग्रहालयांपैकी एक. तिथं लोक एका चित्रापुढे किती वेळ उभे राहतात, याचा दोघा अभ्यासकांनी चक्क घड्याळ लावून हिशोब केला. २००१ साली तो छापून आला. सरासरी निघाली साधारण सत्तावीस सेकंद. आणि निम्म्या वेळा तर सतरा सेकंदांच्या आतच माणसं पुढे सरकली होती. सतरा सेकंदांत आपला एक कप चहासुद्धा गाळून होत नाही. तेव्हा घाई ही काही आपल्याच गावची नाही.

आणि पायांचं काय? संग्रहालयात तासाभरात जेवढे पाय दुखतात तेवढे गडावर चढतानाही दुखत नाहीत, हा माझा अनुभव. थोडं चालायचं, थांबायचं, वाकायचं, पुन्हा चालायचं. बेंजामिन गिलमन नावाचे गृहस्थ अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात होते. त्यांनी १९१६ साली या थकव्यावर लेखच लिहिला. एका माणसाला वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले. कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे गुडघ्यावर बसलाय, कुठे मान तिरपी करून काचेत डोकावतोय. म्हणजे दोष बघणाऱ्याच्या आवडीचा नाही, मांडणाऱ्याचाही आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. शंभर वर्षं उलटून गेली. एका संग्रहालयात (नाव कशाला घेऊ) आमच्यातल्या सत्तरीच्या आक्का गुडघ्याएवढ्या उंचीवरची पाटी वाचायला वाकल्या, तर पाटी इंग्रजीत! बसायला बाक नव्हता. स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि चावी ‘जेवायला गेली’ होती. मग बायका पंधरा मिनिटांत बाहेर आल्या, तर त्यांना चित्रकलेत रस नाही म्हणायचं का?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मात्र उलट झालं. तिथं आमच्या बायका बाहेर निघेनात. दिनकर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे कवी. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला आणि तो पुढे आयुष्यभर पुरला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. पत्नी कमलाबाईंनी या सगळ्यात त्यांना साथ दिली. १९६२ साली त्यांनी हा सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथं वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि जागेअभावी त्यातल्या अडीचेक हजारच मांडलेल्या असतात. आता वस्तू कसल्या म्हणाल, तर दिवे, अडकित्ते, फणी-करंड्याच्या पेट्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, वाड्यांचे कोरीव दरवाजे. म्हणजे तुमच्याआमच्या आज्या-पणज्यांचा संसार.

तिथं ‘आपल्याला काय कळतंय’ हे वाक्य एकीच्याही तोंडून आलं नाही. अडकित्त्यांच्या कपाटापुढे तर न्यायनिवाडाच सुरू झाला. हा दिसायला सुंदर, पण बोट चिमटणार. तो साधा, पण धरायला उत्तम. वज्री बघून एकीनं कपाळाला हात लावला. टाचा घासायची वस्तू ती, तिच्यावर एवढी नक्षी! ‘टाचेला कुठं दिसतीय नक्षी?’ तर दुसरी म्हणाली, ‘टाचेला नाही गं, हाताला. रोज घासताना हातात धरायला बरं वाटत असेल.’ एखादी साधी वस्तू सुंदर का करायची, याचं इतकं सोपं उत्तर बी.ए.ला असताना मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

पण तिथंच एक काकू गप्प गप्प झाल्या. त्यांच्या सासूबाईंची तशीच पितळी वज्री, दोन समया आणि एक घंघाळ त्यांनी मोडीत घालून स्टीलच्या डब्यांचा संच घेतला होता. ‘तवा पितळ घासायचा कंटाळा यायचा ओ. रोज चिंच लावा, राख लावा. स्टील आलं नि हात सुटले.’ त्यांचं काय चुकलं? काचेतल्या पितळेला लखलखीत ठेवायला संग्रहालयात नोकर असतात. घरातलं पितळ आपल्याच हातानं घासावं लागायचं. हे काही तिथल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, काकूंनी सांगितलं.

म्हणून पुढच्या खेपेला मी हट्टानं औंध ठरवलं. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं औंध. तिथली यमाई आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी. डोंगरावर मूळपीठ आहे आणि त्याच डोंगराच्या अर्ध्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय. दरवर्षी देवीला जाणाऱ्या किती बायका या दारासमोरून वर जातात आणि खाली येतात, आत मात्र शिरत नाहीत. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे मोठे हौशी गृहस्थ. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. जमवलेली चित्रं-शिल्पं त्यांना राजवाड्याच्या दिवाणखान्यात ठेवता आली असती, किंवा पुण्या-मुंबईला कुठे देता आली असती. त्यांनी १९३८ साली ती देवीच्या वाटेवर आणून ठेवली. मला ही जागेची निवड फार आवडते. आता संग्रहालय राज्य सरकारकडे आहे.

आधी देवीचं दर्शन घेतलं, नारळ-ओटी झाली आणि मग उतरताना आत गेलो. या वेळी मी एकच अट घातली होती. सगळं बघायचं नाही. प्रत्येकीनं आवडेल ती एकच वस्तू निवडायची, तिच्यापुढे मन भरेपर्यंत थांबायचं आणि मग इतरांना तिथं बोलावून तिच्याबद्दल काहीतरी सांगायचं. ‘कळलं का’ असं कुणी कुणाला विचारायचं नाही. ‘दिसलं काय’ एवढंच विचारायचं.

पहिली पाच मिनिटं नुसती खुसफूस. मग एकेक पांगली. ब्लाउज शिवणारी आमची एक मैत्रीण तैलचित्राच्या इतकी जवळ गेली, की पहारेकरी उठून आला. तिला साडीची जर बघायची होती. ‘लांबून जर दिसतीय आणि जवळ गेलं की नुसते पिवळे फटकारे! पण ते फटकारे कुठं थांबवायचे, ते त्याला माहितीय.’ कापडाची घडी कुठे मोडते, पदराचं वजन कुठे पडतं, हे तिनं आम्हाला समजावून सांगितलं. राजा रविवर्म्यानं पुराणातल्या नायिकांना नऊवारी नेसवली हे मी वाचलं होतं. निऱ्यांच्या चुण्या ओळखणारीनं ते दाखवलं तेव्हा ते मला खऱ्या अर्थानं दिसलं.

रविवर्मा तसा आपल्या घरातलाच. १८९४ साली त्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरात पोचल्या. आजच्या कॅलेंडरातल्या देव्यांचे चेहरेसुद्धा त्यांच्याच वळणाचे. त्यामुळे ‘हे तर आमच्याकडे आहे’ असं दोघीतिघी म्हणाल्या. पण छापलेलं चित्र आणि हातानं रंगवलेलं चित्र यातला फरक शेजारी उभं राहिल्याशिवाय समजत नाही. गावच्या विहिरीचं पाणी नि बाटलीतलं पाणी, तसं काहीसं.

औंधला हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्पही आहे. खटाव तालुक्यातल्या डोंगरावर हेन्री मूर, म्हणजे बघा! बहुतेक जणी त्यावरून नजर फिरवून पुढे गेल्या. ‘अर्धवट राहिलंय का हे?’ असंही एकीनं विचारलं. थांबली ती फक्त एक. तिच्या माहेरी पाटे-वरवंटे घडवायचा धंदा. लहानपणी बापाबरोबर ‘टाकी लावा टाकी’ म्हणत ती गावोगाव हिंडलेली. ती शिल्पाच्या चारी बाजूंनी दोनदा फिरली आणि आम्हाला बोलावून म्हणाली, ‘एकाच दगडातनं दोघं काढल्यात. जोड न्हाई कुठं. हात जरा घसरला असता तर पोरगं गेलं असतं.’

मग सगळ्याजणी पुन्हा त्या दगडापुढे आल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत.

आता ज्या चित्रासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याच्याकडे येते. रविवर्म्याची ‘सैरंध्री’. पांडवांच्या अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीकडे, सुदेष्णेकडे सैरंध्री म्हणून राहिली. (केळकरांचं टोपणनाव ‘अज्ञातवासी’, हा योगायोग लिहिता लिहिता लक्षात आला.) राणीची वेणीफणी करणं हे तिचं काम. राणीचा भाऊ कीचक. त्याची नजर वाईट. तो बहिणीच्या मागे लागला, तेव्हा बहिणीनं सैरंध्रीला मद्य आणायच्या निमित्तानं त्याच्या महालात पाठवलं. ती नको नको म्हणत असताना पाठवलं. चित्रात हातात पात्र घेतलेली, निघावंच लागणार म्हणून निघालेली ही बाई आहे. कीचकाला रंगवायची गरजच नाही. तो तिच्या उभं राहण्यातच दिसतो.

आमच्या गटातल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. त्या या चित्रापुढे थांबल्या. ‘ही कोण?’ असं त्यांनी विचारलं आणि एकीनं गोष्ट सांगितली. टीव्हीवरच्या ‘महाभारता’मुळे अर्ध्याअधिक जणींना ती माहीत होतीच. गोष्ट संपल्यावर मावशींनी एवढंच विचारलं, ‘राणीला ठाऊक होतं न्हवं?’

‘होतं की.’

‘ठाऊक असून धाडली.’

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. कीचकाबद्दल बोलणं सोपं असतं, तो दुष्टच आहे. राणीबद्दल काय बोलायचं? आमच्यातल्या पाच-सहा जणी घरकाम करतात आणि पाच-सहा जणींच्या घरी कामाला बाई येते. मीही त्यातलीच. सगळ्या एकाच चित्रापुढे उभ्या होत्या. एकीनं वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘पण पुढं भीमानं मारला त्याला.’ त्यावर मावशी चित्रावरची नजर न काढता म्हणाल्या, ‘तिला भीम होता.’

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला. घरकाम करणाऱ्या बायकाही त्यात येतात आणि त्यांची तक्रार घ्यायला जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. हे सगळं मी आमच्या बैठकांत दोन वेळा सांगितलं होतं, पत्रकंही वाटली होती. बायकांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली. प्रश्न एकीनंही विचारला नव्हता. औंधहून परतताना एसटीत मागच्या बाकांवर मात्र हाच विषय. कुणाच्या घरी मालकीण माहेरी गेली की कामाला जायचं नाही, हे कोण कसं ठरवतं. कुणी कुणाला काय निमित्त सांगतं. कोणत्या घरी पोरीला एकटीला पाठवायचं नाही. पत्रकात नव्हती ती सगळी माहिती त्या बाकांवर होती. मी पुढे बसून ऐकत होते. मध्येच कुणीतरी मला हाक मारली, ‘वैनी, ती समिती कुठं असतीय म्हणालात?’

पंधरा दिवसांनी मावशी पैसे भरायला आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, ‘पोरीचं एक घर बंद केलं.’ त्यांची मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, कॉलेज करून दोन घरं करते. कोणतं घर, का, मी विचारलं नाही. महिन्याचे पैसे कमी पडतील, एवढं म्हणाले. ‘पडूंद्यात,’ म्हणाल्या आणि पासबुक पुढे केलं.

जाता जाता एक व्यवहाराचं. बऱ्याच संग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, पुष्कळदा सोमवारी, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. खाणंपिणं आधी उरका. आणि ज्यांच्या गावाजवळ संग्रहालय नाही, त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, की मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ साली बसमधलं फिरतं संग्रहालय सुरू केलं आणि ते गावोगावच्या शाळांत जाऊ लागलं. चौकशी करायला काय हरकत आहे?

सैरंध्रीचं चित्र मावशींना घरात लावायचं होतं. आमच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून मोठी प्रत काढून, फ्रेम करून आणली. पण त्यांच्या सासूबाई अडून बसल्या. दुःखी बाईचं चित्र घरात लावलं तर घराला अवकळा येते म्हणे. दोन दिवस ती फ्रेम कागदात गुंडाळून कॉटखाली होती. शेवटी मावशींनी ती गटाच्या खोलीत आणली. आता ती हिशोबाच्या कपाटाच्या वर आहे, बचतीचा तक्ता आणि जिल्ह्याच्या त्या समितीचा नंबर यांच्या मधे. खिळा मावशींनीच ठोकला. जरा तिरका बसलाय.